ऑक्टापॅड घरात, डीजे दारात: दारव्हा तालुक्यातील एका नवशिक्याने केलेली संगीतसाधनांची निवड

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका गावातल्या एकवीस वर्षांच्या तरुणाला इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत स्वतः तयार करायचे होते आणि त्यासाठी त्याच्याजवळ ४०,००० रुपये होते. ही रक्कम कापूस विकल्यानंतर वडिलांनी दिली होती, आणि देताना त्यांनी एवढेच सांगितले होते, "एक डाव देतो, मंग नको मांगू." खरेदी एकदाच होणार, चुकीची वस्तू आली तर ती बदलून घ्यायला नागपूरला किंवा अमरावतीला पुन्हा जाणे परवडणार नाही, आणि गावात अशा वस्तूंची दुरुस्ती करणारा कोणी नाही, या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचा सगळा विचार करावा लागला. मी यवतमाळात ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि या तरुणाला तो संदल पार्टीत, म्हणजे मिरवणुकीत वाजवणाऱ्या पथकात, वाजवायला लागल्यापासून ओळखतो. यादी दाखवायला तो माझ्याकडे आला, तिथून या प्रकरणाशी माझा संबंध आला. त्याचे व गावाचे नाव येथे दिलेले नाही.

नागपूरच्या एका दुकानातून त्याने आणलेली यादी कोणत्याही शहरी नवशिक्याला मिळते तशीच होती: डेस्कटॉप संगणक, पाच इंची स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे काम ऐकून तपासण्याच्या स्पीकरची जोडी, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारे आणि बाहेर आणणारे यंत्र), कंडेन्सर माइक आणि ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड. यादीतील एकही वस्तू वाईट नव्हती. पण एकूण किंमत हातातल्या रकमेच्या दुपटीच्या जवळ जात होती, आणि ती रकमेत बसवायची तर प्रत्येक वस्तू सर्वांत हलक्या दर्जाची घ्यावी लागली असती. त्याचा प्रश्न "यातले स्वस्तात काय मिळेल" असा होता. मी त्याला आधी दुसरी यादी करायला सांगितली: घरात, शेजारी आणि रोजच्या कामात त्याच्या हाताशी आधीपासून काय आहे, याची.

ती दुसरी यादी नीट पाहिल्यावर सगळे प्रकरण निराळे दिसू लागले. हा तरुण गावातल्या संदल पार्टीत ऑक्टापॅड, म्हणजे काठीने वाजवायचा आठ पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवतो. रोलँड कंपनीचा एसपीडी-२० हा पार्टीच्या मालकीचा ऑक्टापॅड वाजवणारा तोच असल्यामुळे त्याच्याच घरी असतो. लग्नसराईत आणि जयंत्यांच्या, गणपती-दुर्गादेवीच्या मिरवणुकांत तो डीजेच्या गाडीवर केबल जोडण्याचे काम करतो, म्हणून अठरा इंची बेस (खालच्या स्वरांच्या पेट्या) आणि टॉपचा (वरच्या स्वरांच्या पेट्यांचा) संपूर्ण संच त्याच्या रोजच्या परिचयाचा आहे. त्याला सोल्डरिंग येते. पार्टीचा एक लहान मिक्सर त्याला केव्हाही वापरता येतो. फोनवर बँडलॅब हे मोफत ॲप वापरून त्याने बरेच लूप तयार केले होते. त्यांत कच्चेपणा होता, पण ठेक्याची समज पक्की होती. मुंबई-पुण्यात भाड्याच्या खोलीत बसून हेच संगीत करणाऱ्या कितीतरी मुलांजवळ लॅपटॉप असतो, मॉनिटर असतात, पण आपला ठोका खऱ्या अठरा इंची बेसवर कसा वाजतो हे ऐकण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते. या मुलाला ती आठवड्याला मिळत होती. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचे साधन हेच होते, आणि दुकानाच्या यादीत ते येणे शक्यच नव्हते.

हाताशी असलेल्या साधनांतून संगीत उभे करणे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताला मुळापासूनच परके नाही. रोलँडचे टीआर-८०८ हे ठोक्यांचे यंत्र १९८० मध्ये, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र १९८१ मध्ये आणि टीआर-९०९ हे १९८३ मध्ये आले. खऱ्या ड्रमसारखे किंवा बेस गिटारसारखे वाजत नाहीत म्हणून ती फारशी चालली नाहीत, उत्पादन लवकर थांबले, आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्यावर शिकागो आणि डेट्रॉइटच्या तरुणांनी त्यांच्यावरच हाउस आणि टेक्नो संगीत घडवले. संदल पार्टीतला ऑक्टापॅड हा हलक्या दर्जाचा पर्याय आहे, असे या तरुणाला वाटत होते. ते मनातून काढणे मला खरेदीइतकेच महत्त्वाचे वाटले.

ऑक्टापॅडला मिडी आउट आहे. म्हणजे पॅडवर काठी पडली की कोणता पॅड, किती जोराने वाजला, याचा संदेश तारेतून संगणकाकडे जातो. १९८३ पासून रूढ असलेल्या या पद्धतीत जोर १ ते १२७ अशा आकड्यांत मोजला जातो, आणि एक नोट पोहोचायला तारेत सुमारे एक मिलिसेकंद लागतो. त्यामुळे छोटे रबरी पॅड असलेला वेगळा कंट्रोलर विकत घेण्याची गरज उरली नाही. शिवाय बोटांनी दाबायच्या पॅडपेक्षा काठीने वाजवण्यात या मुलाचा हात वर्षानुवर्षे बसलेला होता. लागणार होती ती फक्त मिडीची तार यूएसबीत नेणारी जोडणी. बाजारात अगदी दोन-अडीचशे रुपयांतही बिननावाची अशी केबल मिळते, परंतु तिच्यात जलद वाजवताना नोट गळणे किंवा नोट अडकून आवाज चालूच राहणे हे प्रकार सर्रास होतात, आणि वेगाने वाजवणे हेच ज्याचे बलस्थान त्याने नेमकी इथे काटकसर करू नये. म्हणून ही एक वस्तू नामांकित कंपनीची घ्यायचे ठरले.

पाच इंची मॉनिटर न घेण्याचा निर्णय त्याला सर्वांत जड गेला. स्टुडिओच्या प्रत्येक छायाचित्रात टेबलावर ती जोडी दिसते, आणि ती नसेल तर आपण "खरे" काम करत नाही असे नवशिक्याला वाटते. त्याची खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब, वर टिनपत्रे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास ध्वनिलहरी अडकून घुमते. नृत्यसंगीतात ठोक्याचा पाया साधारण ४५ ते ६० हर्ट्झमध्येच असतो. म्हणजे ज्या पट्ट्यात त्याला सर्वांत अचूक ऐकायला हवे, त्याच पट्ट्यात ही खोली भिंतीजवळ बसल्यास ठोका फुगवून दाखवणार आणि मधोमध बसल्यास गिळून टाकणार. त्यातच पाच इंची वूफर ४५-५० हर्ट्झच्या सुमारास स्वतःच गळू लागतो, आणि टिनपत्रे त्या कंपनाने खडखडतात ते निराळेच. कोपऱ्यांत जाड शोषक भरून खोली सुधारता येते, पण इतक्या खालच्या लहरींसाठी लागणारी जाडी आणि जागा या खोलीत नव्हती, त्यासाठी लागणारा पैसाही नव्हता. मॉनिटर चांगले घेतले असते तरी खोलीमुळे त्यांनी चुकीचेच सांगितले असते.

याउलट हेडफोनला खोली लागत नाही. बंद पाठीचे, म्हणजे बाहेरचा आवाज आत आणि आतला बाहेर फारसा न जाऊ देणारे हेडफोन निवडण्यामागे आणखी एक स्थानिक कारण होते. मार्च संपता संपता इथे कूलर सुरू होतो तो जूनपर्यंत बंद होत नाही, आणि कूलरच्या पंख्याची सततची सळसळ वरच्या स्वरांतील बारकावे झाकून टाकते. उघड्या पाठीचे हेडफोन मिश्रणासाठी, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत नीट बसवण्यासाठी, अधिक मोकळे वाटतात हे खरे, पण कूलरपुढे त्यांचा उपयोग नाही. दुसरा मुद्दा रोधाचा. लॅपटॉपच्या साध्या जॅकमधून २५० ओमचे हेडफोन पुरेसे मोठ्याने वाजत नाहीत, म्हणून ३० ते ६५ ओमच्या दरम्यानचे हवे. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स ४७ ओमचा, त्याच मालिकेतील एम४०एक्स ३५ ओमचा आणि सोनीचा एमडीआर-७५०६ हा ६३ ओमचा आहे, आणि तिन्ही बंद पाठीचे आहेत. एम४०एक्सची केबल काढता-घालता येते, हे शहरातल्या ग्राहकाला मोठे आकर्षण असते. पण ज्याला सोल्डरिंग येते त्याला पक्क्या केबलची भीती नाही, त्यामुळे इथे एम२०एक्स पुरेसा ठरला. त्याच्याजवळ आधीचा ब्लूटूथ हेडफोन होता. त्यावर काम होणार नाही हे त्याने स्वतः पॅड वाजवून पाहिल्यावर एका मिनिटात कळले, कारण बिनतारी मार्गात आवाज सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो आणि ठेका हातातून सुटतो.

रकमेचा मोठा भाग लॅपटॉपवर गेला, आणि तो जावा असेच मला वाटत होते. डेस्कटॉप त्याच किमतीत अधिक वेगवान मिळतो, परंतु वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात डेस्कटॉप म्हणजे सोबत यूपीएस आणि त्याची दर काही वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी. लॅपटॉपची बॅटरी हीच त्याची सुरक्षा असते, आणि डीजेच्या गाडीवर नेऊन तपासणी करायची तर तो उचलून नेता येतो. नवा लॅपटॉप या रकमेत घ्यायचा तर कमी मेमरीचा आणि मंद प्रोसेसरचा मिळाला असता. म्हणून कार्यालयीन वापरातून बाहेर पडलेला, तपासून विकला जाणारा जुना लॅपटॉप घ्यायचे ठरले. इथे एक सीमारेषा फार महत्त्वाची होती. इंटेलच्या कमी विजेच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये सातव्या पिढीपर्यंत आय-५ म्हटले तरी दोनच कोअर असत. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीत ते चार झाले. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप चार-पाच हजारांनी स्वस्त मिळत असला तरी तो घेऊ नये, यावर मी ठाम राहिलो. शेवटी आठव्या पिढीचा आय-५, १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला लॅपटॉप सुमारे २४,००० रुपयांत मिळाला. घेताना त्याने दुकानातच वीस मिनिटे बॅटरीवर चालवून पाहिला, हेडफोनचा जॅक हलवून पाहिला आणि सर्व यूएसबी खाचा पेनड्राइव्ह लावून तपासल्या. जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारा कापसाचा बारीक तंतू लॅपटॉपच्या पंख्यात साठतो, म्हणून खालचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते का, हेही त्याने पाहिले.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत आमचे मत सहज जुळले नाही. परिसरातील बहुतेक डीजे एफएल स्टुडिओ वापरतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांजवळ ते पेनड्राइव्हवरून आलेले, कुलूप तोडलेले असते. अशा प्रतीसोबत कोणता विषाणू येईल हे सांगता येत नाही, ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहारही होणार त्यावर ती चढवणे धोक्याचे आहे, आणि दुसऱ्याच्या मेहनतीची किंमत न देता स्वतःच्या संगीताची किंमत मागणे मला पटत नाही. ती वाट बंद केल्यावर खरे पर्याय उरले. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती सर्व काही करू देते, पण जतन केलेला प्रकल्प पुन्हा उघडू देत नाही. त्याच्या सर्वांत स्वस्त फ्रूटी आवृत्तीत ध्वनिमुद्रित आवाजावर काम करण्याची पूर्ण सोय नाही, आणि या मुलाला तर संदलचे, पोळ्याचे, माणसांच्या हाकांचे आवाज वापरायचे होते. म्हणजे प्रोड्यूसर आवृत्तीच हवी, आणि ती रकमेबाहेर जात होती. एकदा घेतल्यावर एफएल स्टुडिओच्या पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर मोफत मिळतात, हा मोठा गुण मी नाकारत नाही. एबलटन लाइव्हची लाइट आवृत्ती अनेक कंट्रोलर व इंटरफेससोबत मोफत येते. तिच्यात आठ ट्रॅक मिळतात. पण आपण कंट्रोलर आणि इंटरफेस दोन्ही घेणार नसल्यामुळे ती इथे लागू झाली नाही.

निवड झाली ती रीपरची. त्याचा साठ दिवसांचा चाचणीकाळ पूर्ण क्षमतेचा असतो, आणि व्यक्तिगत वापरासाठीचा सवलतीचा परवाना ६० डॉलरला मिळतो. ते हलके आहे, जुन्या लॅपटॉपवर नीट चालते, आणि ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्यात कसलीही काटछाट नाही. त्याच्यावरचा रास्त आक्षेप असा की त्यात नृत्यसंगीताला लागणारी वाद्ये जवळजवळ नसतात आणि चौकटी भरत ठेका बांधण्याची एफएलसारखी सोपी पट्टी समोर येत नाही. पहिली उणीव व्हायटल या सिंथेसायझरच्या मोफत आवृत्तीने आणि सर्ज एक्सटी या मुक्त सॉफ्टवेअरने भरून निघाली. दोन्ही इतके सखोल आहेत की वर्षभर त्यांतच शिकत राहता येईल. दुसरी उणीव या विशिष्ट माणसाला उणीव वाटायचे कारण नव्हते. ज्याला हाताने ठेका वाजवता येत नाही त्याला चौकटींचा आधार लागतो. हा मुलगा ठेका सरळ वाजवून मुद्रित करतो आणि नंतर फक्त पहिला ठोका मात्रेवर ओढून घेतो. बाकीचे ठोके किंचित मागे-पुढे राहू द्यावेत, असे मी त्याला सुचवले, कारण संदलची चाल त्या किंचित मागे-पुढे होण्यातच आहे, आणि यंत्राने ते सगळे सरळ केले तर उरतो तो कुठलाही ठेका.

परवाना घेताना एक वेगळीच अडचण आली, जी खेड्यातल्या अनेकांना येते. त्याच्या बँक कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागले आणि व्यवहार झाल्यावर पुन्हा बंद केले. मोठ्या फाइली मात्र त्याने गावात न उतरवता दारव्ह्याला मित्राच्या जोडणीवरून उतरवून घेतल्या.

ऑडिओ इंटरफेस न घेतल्यामुळे आवाज मागे पडण्याचा प्रश्न उरला होता. लॅपटॉपच्या अंगभूत ध्वनियंत्रणेवर एसिओ-फोर-ऑल हा मोफत ड्रायव्हर घालून बफर, म्हणजे एका वेळी साठवून पाठवायच्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या, २५६ वर ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला एका दिशेचा उशीर सुमारे ५.८ मिलिसेकंद होतो, आणि बाकीची साखळी धरून हाताला जाणवण्याइतका वाढतो. १२८ वर नेला की उशीर अर्ध्यावर येई, पण व्हायटलचे दोन-तीन स्वर एकत्र वाजले की आवाज तडतडू लागे. यावर त्याने स्वतः काढलेला मार्ग मला फार आवडला. पार्टीच्या लहान मिक्सरमध्ये त्याने ऑक्टापॅड आणि लॅपटॉप दोन्ही जोडले आणि हेडफोन मिक्सरला लावला. वाजवताना तो ऑक्टापॅडचा स्वतःचा, क्षणाचाही उशीर नसलेला आवाज ऐकतो. लॅपटॉपकडून फक्त मात्रेची टिकटिक येते आणि मिडी मुद्रित होत राहते. नंतर त्या मिडीवर हवा तो आवाज चढवायचा. इंटरफेसची गरज यामुळे कायमची संपली नाही, पण पहिल्या खरेदीतून ती निर्धास्तपणे बाहेर ठेवता आली.

खर्चाचा मेळ ढोबळमानाने असा बसला: लॅपटॉप २४,०००, हेडफोन सुमारे ५,०००, मिडी जोडणी सुमारे ३,५००, सॉफ्टवेअर सुमारे ५,०००, आणि कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांसाठी काहीशे रुपये. उरलेले सुमारे दोन हजार बाजूला ठेवले.

कानातले बोळे या यादीत माझ्या आग्रहाने आले, आणि त्यांच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. अमेरिकेतील नायोश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन करण्याजोगा मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला तो काळ निम्मा होतो; म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. डीजेच्या गाडीवर बेसच्या बाजूला उभे राहून तीन-चार तास केबल सांभाळणारा मुलगा ही मर्यादा पहिल्या गाण्या-दोन गाण्यांतच ओलांडतो. मिरवणुकीनंतर कानात जी शिटी वाजते आणि सगळे आवाज कापूस भरल्यासारखे वाटतात, ती ऐकण्याची तात्पुरती घट असते, आणि ती वारंवार झाली की कायमची होते. त्या अवस्थेत केलेले मिश्रण हमखास कर्कश होते, कारण ऐकू न येणारे वरचे स्वर माणूस वाढवत नेतो. म्हणून गाडीवर बोळे घालायचेच आणि मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी मिश्रणाला बसायचे नाही, फक्त वाजवायचे किंवा आवाज जमवायचे, असा नियम त्याने केला. हेडफोन तुटला तर नवा येईल. या मुलाला पुढची चाळीस वर्षे ज्या कानांवर काम करायचे आहे ते दुकानात मिळत नाहीत.

लग्नसराई सुरू झाल्यावर खरी तपासणी झाली. गाडी लावताना, वरात निघण्याच्या पुष्कळ आधी, डीजेचालक संचाची चाचणी घेतो तेव्हा त्याने आपली फाइल बेताच्या आवाजात वाजवून घ्यायची, असे ठरले होते. हे काम दिवसाच व्हायचे; रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला कायद्याने बंदी आहे, आणि ती पाळली जावी असे मला मनापासून वाटते. पहिल्याच फाइलवर चालकाने दिलेला अभिप्राय कोणत्याही मॉनिटरने दिला नसता: "लो लय हाये, पण ठोका नाही लागून राह्यला." हेडफोनमध्ये खोल आणि भारदस्त वाटणारा त्याचा ठोका ४० हर्ट्झच्याही खाली जात होता. त्या संचाच्या बेस पेट्या त्या पातळीवर आवाज काढत नाहीत. ॲम्प्लिफायरची ताकद मात्र त्यात खर्च होते आणि वरचा भाग दबतो. त्याने ठोक्याचा पाया ५५ हर्ट्झच्या सुमारास आणला, ३५ हर्ट्झच्या खालचे सगळे कापले, आणि हलक्या विकृतीने (डिस्टॉर्शनने) १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात ठोक्याची छाया उमटवली. या छायेचा आणखी एक फायदा झाला: फोनच्या छोट्या स्पीकरवर खालचे स्वर वाजतच नाहीत, तिथेही आता ठोका कळू लागला, आणि गावातले बहुतेक श्रोते त्याचे संगीत फोनवरच ऐकणार होते.

दुसरा दोष असा सापडला की व्हायटलमधून काढलेली मुख्य धून गाडीवर जवळजवळ नाहीशी झाली. संच मोनो चालतो, म्हणजे डावी आणि उजवी बाजू एकत्रच वाजते. डाव्या आणि उजव्या बाजूला उलट कलेत (एकीकडे लहर वर असताना दुसरीकडे खाली) पसरवलेला आवाज दोन्ही बाजू एकत्र होताच स्वतःलाच खोडून काढतो. हेडफोनमध्ये हा दोष लक्षात येत नाही, उलट तो पसरट आवाज अधिक सुंदर वाटतो, आणि हेडफोनवरच काम करणाऱ्याचा हा सर्वांत मोठा धोका आहे. त्यावर उपाय विनाखर्चाचा होता: रीपरच्या मास्टर ट्रॅकवरील मोनोचे बटण दर थोड्या वेळाने दाबून पाहणे, आणि १२० हर्ट्झच्या खालचे काहीही पसरट न ठेवणे.

मे महिन्यात लॅपटॉपने त्रास दिला. बाहेर ४५ अंश असताना टिनाखालच्या खोलीत प्रोसेसर तापतो, स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, आणि हिवाळ्यात सुरळीत चालणारा प्रकल्प तडतडू लागतो. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवणे हा उपाय नाही, कारण त्या झोतात ओलावा असतो. त्याने लॅपटॉप गादीवरून उठवून दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवला, तयार झालेले ट्रॅक फ्रीझ करून, म्हणजे त्यांचे तयार ध्वनिमुद्रणात रूपांतर करून, प्रोसेसरवरचा भार कमी केला, आणि वाद्यांचे जड काम पहाटे पाच ते नऊच्या दरम्यान आणले. हेडफोनमधून येणारी बारीक गुणगुण चार्जर काढताच बंद होत होती. घराच्या अर्थिंगची पट्टी गंजलेली निघाली. मीठ-कोळसा घालून नवी पट्टी पुरल्यावर गुणगुण बरीच कमी झाली, तरी मुद्रणाच्या वेळी बॅटरीवरच चालवण्याची सवय त्याने ठेवली आहे.

हाच प्रश्न घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी हीच यादी देणार नाही. आवाज मुद्रित करायचा असेल, स्वतः गायचे असेल, तर इंटरफेस आणि माइक पहिल्या खरेदीत यायलाच हवेत. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर ऑर्गन वाजवलेल्या माणसाला पट्ट्यांचा कीबोर्ड लागेल आणि ऑक्टापॅड नाही. ज्याला डीजेच्या गाडीवर कोणी ओळखत नाही त्याला मिश्रण तपासण्यासाठी दुसरी जागा शोधावी लागेल. चारचाकीतला स्टिरिओ त्यातल्या त्यात बरा. या तरुणाच्या बाबतीत मात्र वाजवण्याचे साधन आणि तपासण्याचे साधन दोन्ही आधीच उपलब्ध होती, आणि पैसा फक्त या दोहोंच्या मधल्या दुव्यावर खर्च करायचा होता.

पोळ्याला त्याने बैलांच्या घागरमाळा आणि तोरणाखाली म्हटलेल्या झडत्या, म्हणजे पोळ्याची कवने, फोनवर मुद्रित केल्या. झडती संपताच उठणारा "हर हर महादेव"चा गजर फोनने स्वतःहून दाबून टाकला आणि त्यानंतरच्या शांततेतला गलका वर ओढला, त्यामुळे तो आवाज संगीतात वापरण्याजोगा उरला नाही. फोनचा आपोआप आवाज सांभाळण्याचा गुण बोलण्यासाठी चांगला असतो, गजरासाठी घातक असतो. म्हणून दुसरी खरेदी मॉनिटरची न करता हातात मावणाऱ्या ध्वनिमुद्रकाची करायची, असे आता ठरले आहे. झूमच्या एच१एनसारखा मुद्रक दोन लहान सेलवर चालतो, २४ बिटवर मुद्रित करतो, त्याची पातळी हाताने लावता येते, आणि तो यूएसबीने जोडल्यास माइक म्हणूनही चालतो. बाजूला ठेवलेल्या दोन हजारांत गाडीवरची मजुरी मिळवून तो घ्यायचा, पातळी गजराच्या सर्वांत मोठ्या क्षणाला मुद्रकाच्या मोजपट्टीवर (जिथे शून्य ही कमाल पातळी असते) उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी आधीच लावायची, आणि पुढच्या पोळ्याच्या आधी संदल पार्टीच्या सरावात तो वापरून पाहायचा, असा त्याचा बेत आहे.